घरोघरीची कमळं

१९६८ साली वीस पैशांचं एक पितळी रंगाचं नाणं आलं. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला उमललेलं कमळ. ते पाडलं गेलं जेमतेम १९७१ पर्यंत, पण आमच्या पिढीच्या घरांत पुढे कितीतरी वर्षं टिकलं, कारण बायका ते खर्चच करत नसत. वाण्यानं दिलेल्या सुट्या पैशांत कमळ निघालं की ते लगेच बाजूला जाई. त्यात सोन्याचा अंश आहे, असं आमच्या आळीत बोललं जाई. तसं काही नव्हतं, तांब्याचा मिश्रधातू होता तो, पण चिंचेनं घासल्यावर लखलखायचा खरा. ज्यांच्याकडे चांदीचे रुपये होते त्यांनी लक्ष्मीपूजनाच्या ताटात चांदीचे रुपये मांडले. आमच्यासारख्यांच्या ताटात लाह्या-बत्तासे, धने-गूळ, नवी केरसुणी आणि ही कमळं. १९८२ मध्ये वीस पैशांचं ॲल्युमिनियमचं षटकोनी नाणं आलं, ते कुणी पूजेत ठेवल्याचं मला आठवत नाही.

कल्याणच्या जुन्या वाड्यांतून वाढलेली आम्ही मुलं. कमळ म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. शाळेच्या पुस्तकात ‘राष्ट्रीय फूल’ म्हणून त्याचं चित्र होतं, त्याच्या कितीतरी आधी ते आमच्या घरात येऊन बसलेलं होतं. खरं पाण्यातलं कमळ पाहायला आमच्यातल्या बहुतेकांना पंचविशी-तिशी उजाडली. आज मागे वळून पाहताना मला याचंच मोठं नवल वाटतं: ज्या बायकांनी आयुष्यात कमळाचं तळं पाहिलं नव्हतं, त्यांच्या बोटांना त्याच्या पाकळीचं वळण पाठ होतं.

रोज सकाळी सडा पडला की उंबऱ्यासमोर रांगोळी. आजी शिरगोळ्याची रांगोळी चिमटीत धरायची आणि एका दमात आठ पाकळ्या ओढायची. मध्ये हात उचलायचा नाही हा तिचा दंडक. मुंज असो, सत्यनारायण असो, कलश मांडायचा तर खाली अष्टदल कमळ हवंच. चैत्रात गौर बसली की अंगणात चैत्रांगण यायचं आणि त्यात सूर्य, चंद्र, शंख, कासव यांच्या जोडीला ज्ञानकमळ. चातुर्मासात तर रोज तेहतीस गोपद्मं. गायीच्या खुराचा ठसा आणि पद्म यांचा मिळून झालेला तो आकार आजी देवघरासमोर इतक्या शांतपणे काढायची की आम्हाला शेजारून पळायला मनाई होती. आईच्या हाताला ते वळण आजीसारखं नव्हतं, पण तिची पाकळी टोकदार यायची आणि नलूमावशीची पसरट. पाहुणा उंबऱ्यावरूनच ओळखे, आज रांगोळी कुणी घातली ते.

आमच्या घराण्यात माणसांची नावंही अशीच. कमलआत्या, नलूमावशी, पद्माकाकू, वरच्या मजल्यावरच्या सरोजवहिनी. पुरुषांत पद्माकर, कमलाकर, अरविंद. एका लग्नघरात ‘पद्मा’ अशी हाक मारली की तिघी वळून पाहात. कमलआत्याचं आमच्याकडचं नाव मात्र दुसरंच होतं. लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, तिथे ‘कमल’ उमटलं आणि ती सासरी कमल झाली. जुन्या नावानं तिला हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे आजी. आजी गेल्यावर आत्या माझ्या आईला म्हणाली होती, “वहिनी, आता तुम्ही तरी मला त्या नावानं हाक मारत जा.” आईनं ती शेवटपर्यंत मारली. लक्ष्मीच्या नावांनी सुना घरात येत, आणि त्या नावामागे एक मुलगी स्वतःचं नाव ठेवून आलेली असे. त्या पिढीबद्दल लिहायचं तर हे वगळता येणार नाही.

देवघराच्या भिंतीवरची लक्ष्मी राजा रविवर्म्याची. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि देवळात जाण्याची ज्यांना मुभा नव्हती त्यांच्याही भिंतीवर देवदेवता आल्या. पाण्यातल्या कमळावर उभी राहिलेली, दोन्ही वरच्या हातांत कमळं धरलेली ती लक्ष्मी आमच्या डोळ्यांत इतकी बसली की पुढे किराणा दुकानांच्या कॅलेंडरांवर तिचे कितीही चेहरे बदलले तरी पायाखालचं फूल तेच राहिलं. आईच्या पैठणीच्या पदरावर कमळ होतं. गणेशोत्सवात चलतचित्रं बघायला रांगा लागत, त्यात एखाद्या मंडळाचं थर्माकोलचं कमळ मोटरवर हळूहळू उघडे आणि आतून गणपती दिसे. पाकळ्या मिटून पुन्हा उघडेपर्यंत आम्ही रांग अडवून उभे राहात असू.

खरं फूल वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला. वडील ऑफिसातून येताना दादरला उतरून फुलबाजारातून एक कळी आणत. ती घट्ट मिटलेली असे. तोडलेली कमळाची कळी फुलदाणीत सहसा उमलत नाही, हे आजीला ठाऊक होतं. ती ओल्या हातांनी एकेक बाहेरची पाकळी मागे वळवून बसवी, आतली तशीच मिटलेली ठेवी, आणि मगच ते फूल ताटात जाई. पुढे वाचलं की थायलंडमध्येही बुद्धापुढे ठेवायच्या कमळाच्या पाकळ्या अशाच हातानं दुमडतात, तेव्हा आजीचे ओले हात आठवले.

हे सगळं आमच्या बिऱ्हाडातलं. जिन्यापलीकडच्या बिऱ्हाडात कमळ शिजत होतं.

फाळणीनंतर सिंधहून आलेल्या हजारो कुटुंबांना सरकारनं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरवलं. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं, पण आमच्याकडे आजही जुनी माणसं ‘कॅम्प’च म्हणतात. त्यातलं एक कुटुंब कॅम्पातली गर्दी सोडून आमच्या वाड्यात भाड्यानं राहायला आलं. घरातली म्हातारी शिकारपूरची. तिला तिची मुलं अम्मा म्हणत, म्हणून आम्हीही अम्मा म्हणत असू. ती आम्हाला ‘पुट’, म्हणजे लेकरा, म्हणायची. अम्मा ज्या दिवशी भी, म्हणजे कमळाचं खोड, आणायची तो दिवस साऱ्या मुलांना कळायचा, कारण ती ओट्यावर बसून ती साफ करायची आणि आम्ही भोवती गोळा होत असू. हातभर लांब, मातकट, मध्ये पेरं असलेलं ते खोड. अम्मा आधी टोकं बघायची. दोन्ही टोकं बंद असली तर आत चिखल शिरलेला नसतो. मग साल खरवडायची, आणि काप केला की आत भोकांची नक्षी. दोन काप एकमेकांपासून ओढले की मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम धागे लोंबत. म्यानमारमध्ये इन्ले सरोवराकाठच्या बायका कमळाच्या देठांतले असलेच धागे काढून, वळून त्यांचं कापड विणतात. अम्माला हे ठाऊक असतं तर तिनं आम्हाला दिवसभर धागे ओढायला बसवलं असतं.

पहिल्यांदा अम्मानं वाटी पाठवली तेव्हा आजीनं ती परत पाठवली नाही, पण खाल्लीही नाही. लक्ष्मीचं आसन भाजीत कसं घालायचं, हा तिचा प्रश्न होता आणि तो तिनं अम्माला सरळ विचारला. अम्मा म्हणाली, फूल देवाचं, पण जे चिखलात राहतं ते लेकरांचं. सिंधमधलं मंचर सरोवर तिनं लहानपणी पाहिलं होतं. तिथले मोहाणा लोक होडीतच राहात, कमळाचं खोड पाण्यात बुडी मारून काढत, आणि हिरव्या बियांची बोंडं, ज्यांना ती पबोडा म्हणायची, मुलं सोलून कच्चीच खात. सिंध्यांचा देव झुलेलाल, त्याची तसबीर अम्माच्या घरात होती: पल्ला माशावर कमळ, कमळावर पांढऱ्या दाढीचे झुलेलाल. चेटीचंद, म्हणजे सिंध्यांचं नववर्ष, गुढीपाडव्याच्या आगेमागेच येतो. आमच्या दारात गुढी आणि रांगोळीतलं कमळ, त्यांच्याकडे बहराणा साहिबची परात, दिवा आणि ताहिरीचा गोड भात. त्या दोन दिवसांत जिन्यावर पाय ठेवायला जागा नसायची.

आजीचा प्रश्न सुटला तो तिच्याच तर्कानं. तिनं एकदा खोड हातात घेऊन नीट पाहिलं आणि म्हणाली, “अगं, हा तर कंद. रताळं चालतं तर हे का नाही चालत?” त्या एकादशीला तिनं भीचे पातळ काप तुपात जिऱ्याची फोडणी देऊन, दाण्याचं कूट घालून केले. पहिली वाटी अम्माकडे गेली. वनस्पतिशास्त्रात त्याला मूलक्षोड म्हणतात, म्हणजे जमिनीतलं आडवं खोड. त्यातली भोकं म्हणजे हवेचे मार्ग: पानांत शिरलेली हवा देठातून खाली उतरते आणि चिखलात, जिथे प्राणवायू जवळजवळ नसतो, तिथे खोडाला श्वास पुरवते. आपण नुसतं फुलाचं कौतुक करतो. मला विचाराल तर या झाडातली खरी कारागिरी खाली आहे.

माझी शाळेतली मैत्रीण रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायची. तिचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होते, बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली त्या दिवशी. घरी परतल्यावर त्यांनी भिंतीवरची लक्ष्मी उतरवली. बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या, त्या पाळायच्याच होत्या. त्या जागी बुद्धाची तसबीर आली, आणि त्या बुद्धाखाली कमळ होतं. मैत्रिणीच्या आजीला मी एकदा भाबडेपणानं विचारलं, मग कमळ तेच ना? तिनं मला जवळ बसवून सांगितलं की लक्ष्मीचं कमळ मागण्यासाठी असतं, हे कमळ होण्यासाठी आहे. चिखलात उगवायचं, पाण्यातून वर यायचं, आणि पाणी अंगाला लागू द्यायचं नाही. वैशाख पौर्णिमेला त्यांच्याकडे पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या आणि खीर असे, आणि दारात कमळाची रांगोळी, तशीच आठ पाकळ्यांची.

मोठेपणी वाचताना कळलं की ती म्हातारी जे सांगत होती ते बुद्धानं पाली सुत्तांत स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, आणि पाण्यानं न भिजणारं कमळाचं पान गीतेच्या पाचव्या अध्यायातही आहे. एकाच वर्गातल्या दोन मुलींच्या घरांत एकच दाखला दोन वाटांनी आला होता. पण म्हणून दोन्ही घरं सारखी होती असं म्हणणं मला पटत नाही. तिच्या घरानं ते फूल नव्यानं निवडलं होतं, आणि त्या निवडीची किंमत मोजली होती. शाळेची सहल अजिंठ्याला गेली तेव्हा पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर ती बराच वेळ उभी राहिली. मार्गदर्शकाची बॅटरी पुढे सरकली तरी तिला तिथून हलवावं लागलं. हातात नीलकमळ धरून, मान किंचित कललेली ती आकृती पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. ती म्हणाली, “आमच्या घरातलं कमळ इतकं जुनं आहे.” त्या एका वाक्यात तिच्या आजोबांचा सगळा प्रवास होता.

कमळाचं तळं मी पाहिलं ते लग्नानंतर, भंडाऱ्याकडे. तिथे गावोगाव जुने मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. बरोबरच्या वयस्कर बाईंनी पहिल्यांदा माझा घोळ निस्तरला: आपण गावातल्या डबक्यात बघून ‘कमळ’ म्हणतो ते बहुतेक वेळा कुमुद असतं. कुमुदाचं पान पाण्यावर तरंगतं आणि त्याला एक चीर असते. कमळाचं पान अखंड गोल, देठावर छत्रीसारखं पाण्याच्या वर उभं. त्यावर टाकलेला थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातल्या विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ मध्ये त्याचं कारण नीट मांडलं: पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे सूक्ष्म कण, त्यामुळे थेंब पानाला टेकतच नाही आणि जाताना धूळ घेऊन जातो. इजिप्तच्या थडग्यांतून दिसणारं निळं ‘कमळ’, ज्यातून तुतनखामेनचं कोवळं डोकं वर येताना कोरलंय, तेही कुमुदाच्याच कुळातलं. आपल्या कमळाचं जवळचं नातं आहे चिनाराशी. काश्मिरात डल सरोवरात नदरू, म्हणजे हीच अम्माची भी, आणि काठावर चिनार. दोघं एकाच गणातले, एक पाण्यात राहिला, दुसरा जमिनीवर.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या मोहाबद्दल सांगताना ज्ञानदेव भुंग्याचा दाखला देतात: कोरडं लाकूड कोरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. आजी पारायणाला बसली की हे आम्हाला समजावून सांगे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या वनस्पती उद्यानात रॉजर सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की उमलणारं कमळ स्वतः ऊब निर्माण करतं. बाहेर हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी फुलाच्या आत ३० ते ३५ अंश टिकून राहतात, आणि रात्री पाकळ्या मिटलेल्या असतात. आत शिरलेल्या किड्याला रात्रभर उबदार खोली मिळते, सकाळी तो पराग घेऊन निघतो. ज्ञानदेवांनी त्यात मोह पाहिला, सेमूरनी परागीभवन पाहिलं. आजी असती तर मी तिला हे वाचून दाखवलं असतं, आणि तिनं पोथीत खूण घातली असती.

आमच्यानंतरची मुलं कमळ खऱ्या पाण्यात बघतात. भाची टोकियोत असते. जुलैत ती उएनोच्या शिनोबाझु तळ्यावर पहाटे जाते, कारण कमळ सकाळीच उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तिनंच मला ओगा कमळाची हकीकत सांगितली. १९५१ मध्ये चिबा इथे इचिरो ओगा या अभ्यासकांना जमिनीखालच्या जुन्या गाळात कमळाच्या बिया सापडल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यातली एक रुजली आणि पुढच्या वर्षी, १९५२ च्या जुलैत, फुलली. त्या वेलाची रोपं आता जपानभर आहेत. तिकडे नव्या वर्षाच्या जेवणात कमळाच्या खोडाचे काप असतात. भोकांतून पलीकडचं दिसतं, तसं पुढचं वर्षही दिसावं म्हणून. फोनवर हे ऐकून आई म्हणाली, “म्हणजे अम्माची भी जपानातही पोचली म्हणायची.” आईच्या लेखी त्या भाजीची मालक अम्माच.

वाडा पडून इमारत झाली. उंबरे गेले, दाराबाहेर फरशीवर रांगोळीचे तयार स्टिकर आले, थर्माकोलवर २०१८ मध्ये बंदी आली, आणि नव्या नावांत कमल, नलिनी उरल्या नाहीत. स्टिकरवरचं कमळ वाईट नसतं, पण कुणाच्या हातचं ते ओळखता येत नाही. आई गेल्यावर तिच्या वहीत गोपद्मांचं एक पान सापडलं, पेन्सिलीनं काढलेलं, कडेला आजीनं दिलेल्या सूचना. त्यावरून मी शिकते आहे. पाकळी अजून पसरट येते, नलूमावशीसारखी.

अम्माची नात उल्हासनगरला राहते. आम्ही दोघींनी ठरवलंय की अम्मा करायची तशी मडक्यातली भी करून पाहायची, रात्रभर मंद आचेवर, तोंड कणकेनं बंद करून. मसाला तिच्या आईनं सांगितलाय, मडकं तिनं घेऊन ठेवलंय. निखारा कोळशाचा की गोवऱ्यांचा यावर मायलेकींचं एकमत होत नाहीये. गच्ची माझ्याकडे आहे, म्हणून शनिवारी संध्याकाळी त्या माझ्याकडे येतील. भी मी आणायची, दोन्ही टोकं बंद असलेली. किलोभर जास्तच घेणार आहे, कारण सोमवारी एकादशी आहे आणि दाण्याचं कूट घातलेली आजीची भी तिच्या आईला खायची आहे.